निवडणुकीआधीचं मनोमिलन खरं कधी होतं?

शोधयात्री

एका पक्षात २२ वर्षं काम केलं. पक्षाचं नाव मुद्दाम देत नाही. चर्चा त्या पक्षाची नाही, आणि नाव आलं की चार प्रतिसादांतच धागा भरकटतो.

विषय असा. उमेदवारीवरून दोन गट पडतात. एकाला तिकीट मिळतं, दुसऱ्याला नाही. मग वरून निरोप येतो, बैठक लागते, दोघांना एका व्यासपीठावर आणून हात उंच करायला लावतात, फोटो निघतो आणि दुसऱ्या दिवशी ‘मनोमिलन झालं’ अशी बातमी येते. अशा तीन व्यासपीठांच्या मागे मी स्वतः उभा होतो. तिन्ही वेळा आम्ही हरलो.

त्यातली एक निवडणूक अजून डोक्यातून जात नाही. आमच्याकडे १२ बूथ होते आणि तिथली निम्मी यंत्रणा तिकीट नाकारलेल्या नेत्याच्या माणसांची होती. त्यांच्यापैकी कुणी विरोधात काम केलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. त्यांनी कामच केलं नाही. सकाळी टेबलं लागली, मतदारयाद्या आल्या, आणि दुपारी एकनंतर टेबलामागे एकेकच माणूस उरला. दारोदार जाऊन मतदार बाहेर काढायला कुणी नव्हतं. संध्याकाळी त्यातल्या एका पोराला विचारलं, असं का रे? तो म्हणाला, “दादा, आम्हाला कुणी काही सांगितलंच नाही.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता, त्याचंच मला जास्त लागलं. नेत्याचा हात व्यासपीठावर उंच झाला होता, पण या पोरापर्यंत कुणीही पोचलं नव्हतं.

तेव्हापासून जमेल तसं वाचतोय. १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन झालं. उमेदवारीच्या लढतीत हरलेले एडवर्ड केनेडी शेवटच्या रात्री मंचावर आले, उमेदवारी मिळवलेले राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्याशी हस्तांदोलन केलं, पण दोघांनी हात उंचावल्याचं जे चित्र सगळ्यांना हवं होतं ते काही मिळालं नाही. नोव्हेंबरात ४४ राज्यं रिपब्लिकन पक्षाच्या रेगन यांच्याकडे गेली. महागाई आणि इराणमधले ओलीस ही कारणं मोठी होतीच. तरी मला प्रश्न पडतो, तो फोटो मिळाला असता तर काय बदललं असतं? माझ्या अनुभवाने उत्तर येतं, फारसं काही नाही.

मग दुही मिटते ती कशाने? स्वतः पाहिलेलं किंवा नीट वाचलेलं असेल ते लिहा.

जुनीवही

चांगला धागा. मी सुरतेपासून सुरुवात करतो. ती निवडणुकीची गोष्ट नाही, पण दुहीची म्हणून आपल्याला सगळ्यात जवळची आहे.

१९०७ चं काँग्रेस अधिवेशन आधी नागपूरला ठरलं होतं. तिथे टिळकांच्या बाजूचा जोर जास्त, म्हणून मवाळांनी ते सुरतेला हलवलं. यजमान प्रांतातल्या माणसाने अध्यक्ष व्हायचं नाही असा संकेत होता. सुरत मुंबई इलाख्यात, टिळकही त्याच इलाख्याचे. म्हणजे जागा बदलताच त्यांचा रस्ता आपोआप बंद झाला. पुढे मंडपात जोडा भिरकावला गेला, खुर्च्या उडाल्या, अध्यक्ष रासबिहारी घोष यांचं भाषण होऊ शकलं नाही. जोडा सगळ्यांच्या लक्षात राहिला. मला मात्र जागा हलवण्याचा निर्णय जास्त महत्त्वाचा वाटतो. अधिवेशन भरण्याआधीच एका बाजूची खात्री झाली होती की आपल्याला हरवण्यासाठी मैदानच बदललंय.

एकी झाली १९१६ मध्ये, लखनौला. मधल्या काळात टिळक मंडालेत सहा वर्षं काढून १९१४ ला सुटले, १९१५ मध्ये गोखले आणि फिरोजशहा मेहता दोघेही गेले, ॲनी बेझंट यांनी मध्यस्थीसाठी खूप खटपट केली. पण नेमकं दार उघडलं ते १९१५ च्या डिसेंबरात, मुंबईच्या अधिवेशनात. तिथे काँग्रेसची घटना दुरुस्त झाली आणि जहाल गटाला प्रतिनिधी म्हणून परत येण्याची वाट मिळाली. वर्षभराने माणसं आली.

शोधयात्री, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर यातच आहे. आधी नियम बदलला, मग माणसं आली. आपण नेहमी उलट करतो. माणसांना बोलावतो आणि ज्या नियमाने ती दुखावली तो तसाच ठेवतो.

आकडेमोड

दुहीची किंमत किती पडते हे आधी आकड्यांत बघू.

१९१२, अमेरिका. रिपब्लिकन पक्षात टाफ्ट आणि थिओडोर रूझवेल्ट यांचं फाटलं. दोघांची मतं मिळून निम्म्याहून थोडी जास्त. डेमोक्रॅटिक पक्षाच्या विल्सन यांची ४२ टक्क्यांच्या आसपास. तरी ४८ पैकी ४० राज्यं विल्सन यांना आणि सत्तेतल्या टाफ्ट यांना दोन.

१९८३, ब्रिटन. मजूर पक्षातून चार ज्येष्ठ नेत्यांनी १९८१ मध्ये बाहेर पडून नवा पक्ष काढला आणि लिबरलांशी युती केली. मजूर पक्षाला २७.६ टक्के मतं आणि २०९ जागा. युतीला २५.४ टक्के मतं आणि २३ जागा. हुजूर पक्षाची मतं आधीच्या निवडणुकीपेक्षा थोडी घटली होती, तरी त्यांच्या जागा ३९७ झाल्या.

१९८९, तमिळनाडू. एमजीआर यांच्या निधनानंतर अण्णा द्रमुकचे जानकी आणि जयललिता असे दोन गट झाले. ‘दोन पानं’ हे चिन्ह गोठवलं गेलं. एका गटाला कबुतरं, दुसऱ्याला कोंबडा. जानेवारीच्या विधानसभा निवडणुकीत १३ वर्षांनी द्रमुक सत्तेत आला. जयललितांच्या गटाला २७ जागा मिळाल्या, जानकींचा गट जवळपास पुसलाच गेला. त्यानंतर काही आठवड्यांत दोन्ही गट एक झाले, चिन्ह परत मिळालं आणि त्याच वर्षाअखेरीच्या लोकसभेला काँग्रेससोबतच्या युतीने राज्य जवळजवळ पूर्ण जिंकलं.

ज्याला जास्त मतं तो निवडून, अशी पद्धत असते तिथे फूट म्हणजे निम्मं निम्मं होणं नसतं. दहा टक्के मतं हलली की जागा एक तृतीयांशावर येऊ शकतात. पण हे निकालानंतर कळतं. निकालाआधी प्रत्येक गटाला वाटत असतं की खरी ताकद आपलीच. तमिळनाडूत ती शंका मतदारांनी मिटवली म्हणून विलीनीकरण सोपं झालं. मतदान होण्याआधीच ती मिटवायची कशी, हा अवघड भाग.

अबोली

माझा वेगळा सूर आहे. दुही मिटलीच पाहिजे हे आपण गृहीत का धरतोय?

१९४८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात नागरी हक्कांचा ठराव आला. ह्यूबर्ट हम्फ्री यांनी त्याच्या बाजूने भाषण केलं, ठराव मंजूर झाला आणि दक्षिणेतले काही प्रतिनिधी उठून गेले. त्यांनी स्ट्रॉम थरमंड यांना उभं केलं. थरमंड यांना ३९ निर्वाचक मतं मिळाली. तरी पक्षाचे उमेदवार ट्रूमन ३०३ निर्वाचक मतं घेऊन जिंकले. त्या दिवशी एकीसाठी ठराव मागे घेतला असता तर पक्ष एकसंध दिसला असता, पण कुणाच्या जिवावर? ज्यांना मतदान करता येत नव्हतं त्यांच्याच ना?

मजूर पक्षाचंही तसंच. १९८५ मध्ये बोर्नमथच्या अधिवेशनात पक्षाचे नेते नील किनॉक यांनी पक्षातल्या ‘मिलिटंट’ या कडव्या डाव्या गटावर सर्वांसमक्ष टीका केली. सभागृहात आरडाओरडा झाला, काही जण उठून गेले. पुढे हकालपट्ट्याही झाल्या. १९८७ आणि १९९२ दोन्ही निवडणुका ते हरले. सत्ता आली १९९७ ला, दुसऱ्याच्या नेतृत्वाखाली. पण पक्ष उभा राहिला त्याचा पाया तिथे घातला गेला असं मी मानते. काही वेळा दुरुस्तीची सुरुवात मिठीने होत नाही.

शोधयात्री

अबोलीताई, १९४८ चा मुद्दा पूर्ण मान्य. मी धागा काढताना मुद्द्याचं भांडण आणि माणसांचं भांडण वेगळं करायला हवं होतं.

पण २२ वर्षांत मी पाहिलेल्या भांडणांत मुद्द्याची फार थोडी निघाली. बहुतेक वेळा सुरुवात ‘मला न विचारता ठरवलं’ इथून होते आणि महिनाभरात त्याला तत्त्वाचे कपडे चढतात. निष्ठावंत विरुद्ध आयात उमेदवार हे त्याचं नेहमीचं रूप. त्यात तत्त्व नसतं असं नाही. वीस वर्षं सतरंज्या उचललेल्या माणसाला डावलून काल आलेल्याला तिकीट देणं हा अन्यायच आहे, आणि तो बोलून दाखवायला हवा. पण तो अन्याय विचारधारेचा प्रश्न म्हणून मांडला की तडजोडीची वाट बंद होते.

उंबरठा

तीन दिवस हा धागा वाचतेय. लिहू की नको असं चाललं होतं.

मी तिकीट नाकारली गेलेली आहे. दोनदा. दोन्ही वेळा पक्ष तोच, माणसं थोडीफार तीच. पहिल्या वेळी मी घरी बसले. दुसऱ्या वेळी मी मतदानाच्या दिवशी पहाटे पाचला बूथवर होते. दोन्हींत फरक काय होता ते सांगते.

पहिल्या वेळी मला यादीतून कळलं. रात्री साडेअकराला फोनवर यादी आली, त्यात माझं नाव नव्हतं. ज्यांनी यादी केली त्यांच्यापैकी दोघांशी त्याच दिवशी दुपारी मी बोलले होते, प्रचाराची पत्रकं कुठे छापायची यावर. त्यांना तेव्हा माहीत होतं. मला राग तिकीट गेल्याचा आला तो दोन दिवसांत उतरला. त्या दुपारच्या बोलण्याचा राग अजून आहे. चार दिवसांनी मनधरणीला मंडळी आली, सोबत महामंडळाच्या पदाचा शब्द घेऊन. अर्ज मागे घ्यायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती, हे सगळ्यांना माहीत होतं. मी अपक्ष उभी राहिले नाही, माघार घेतली. पण नंतर घराबाहेर पडले नाही, आणि माझ्याबरोबरची चाळीसएक माणसंही पडली नाहीत. मी त्यांना थांबवलं नव्हतं. चला असंही म्हटलं नाही.

दुसऱ्या वेळी यादी जाहीर व्हायच्या आदल्या दिवशी निरीक्षक स्वतः आले. म्हणाले, तुमचं नाव कापलं जातंय, कारणं ही ही आहेत. दोन कारणं मला पटली, एक पटलं नाही, आणि तसं मी तोंडावर सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी ज्याला तिकीट मिळालं तो सकाळी सातला दारात. सोबत एकच माणूस, हारतुरे नाहीत, फोटोवाला नाही. मी म्हटलं, माझ्याशी काय बोलता, माझ्या माणसांशी बोला. तो बसला. माझी पोरं त्याला दोन तास वाट्टेल ते बोलली. मागच्या पाच वर्षांत कुणाचं काम अडवलं, कुणाला बैठकीतून उठवलं, सगळं निघालं. तो एका वहीत लिहून घेत होता. शेवटी त्याने एकच विचारलं, तुमच्या भागातल्या बूथप्रमुखांची नावं कोण ठरवणार? आणि स्वतःच म्हणाला, ताई, तुम्हीच ठरवा, मी बघणार पण नाही.

त्याने खरंच बघितली नाहीत. खर्चाचे पैसेही त्याच नावांकडे सरळ गेले.

पदाचा शब्द पहिल्या वेळी मिळाला होता, दुसऱ्या वेळी नाही. तरी काम दुसऱ्या वेळी केलं.

जुनीवही

उंबरठाताई, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. धाग्यातलं सगळ्यात मोलाचं हेच आहे.

तुमच्या ‘सकाळी सातला दारात’वरून १९५२ आठवलं. शिकागोच्या रिपब्लिकन अधिवेशनात आयझेनहॉवर यांनी सिनेटर रॉबर्ट टाफ्ट (१९१२ च्या टाफ्ट यांचे चिरंजीव) यांना हरवलं. लढत कडवी होती, प्रतिनिधींच्या वैधतेवरून आरोप झाले होते. निकाल लागल्याबरोबर आयझेनहॉवर रस्ता ओलांडून टाफ्ट यांच्या हॉटेलात त्यांना भेटायला गेले. त्यांनी हरलेल्याला बोलावून घेतलं नाही.

पण तेवढ्याने भागलं नाही, हेही सांगायला हवं. टाफ्ट यांचे समर्थक उन्हाळाभर थंड होते. मग सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या मॉर्निंगसाइड हाइट्समध्ये दोघांची पुन्हा भेट झाली. सरकारी खर्चाला आळा घालायचा आणि नेमणुका करताना टाफ्ट यांच्या माणसांना डावलायचं नाही, अशा गोष्टींवर समजूत झाली आणि टाफ्ट यांनी तसं निवेदन जाहीर केलं. विरोधकांनी त्याला शरणागती म्हटलं. आयझेनहॉवर यांनी ती टीका सोसली. नोव्हेंबरात ४८ पैकी ३९ राज्यं जिंकली.

जिंकलेल्याने टीका सोसायची तयारी ठेवली नाही तर समेट होत नाही, असं मला यातून दिसतं.

आकडेमोड

वेळेचा मुद्दाही घ्या. १९६८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्ष व्हिएतनामवरून दुभंगला होता. युद्धविरोधी बाजूचे युजीन मॅकार्थी यांनी पक्षाचे उमेदवार हम्फ्री यांना पाठिंबा दिला तो २९ ऑक्टोबरला. मतदान ५ नोव्हेंबरला. हम्फ्री एक टक्क्याहूनही कमी फरकाने हरले. आधी दिला असता तर जिंकले असते असं मी म्हणणार नाही, तसं सिद्ध करता येत नाही. पण शेवटच्या आठवड्यात आलेल्या पाठिंब्याने बूथवरची माणसं उभी करता येत नाहीत, एवढं नक्की.

उलट २००८. हिलरी क्लिंटन यांनी जूनच्या सुरुवातीलाच माघार घेतली. २७ जूनला ओबामा आणि त्या न्यू हॅम्पशायरमधल्या युनिटी नावाच्या गावात एकत्र आले. प्राथमिक फेरीत त्या गावाने दोघांना अगदी सारखी, १०७-१०७ मतं दिली होती. हे फोटोपुरतं झालं. पण क्लिंटन यांच्या मोहिमेवरचं कर्ज फेडायला ओबामांनी आपल्या देणगीदारांना सांगितलं, आणि ऑगस्टच्या अधिवेशनात मतमोजणी थांबवून ओबामांना एकमताने उमेदवार करण्याची सूचना खुद्द क्लिंटन यांनी मांडली. हरलेल्या बाजूला निर्णयाच्या क्षणी बोलायला मिळालं.

नवखा

मी पहिल्यांदाच लिहितोय. आपल्याकडचं अलीकडचं उदाहरण कुणी दिलं नाही म्हणून.

पंजाबात २०२१ च्या सप्टेंबरात काँग्रेसने मुख्यमंत्री बदलला. अमरिंदर सिंग गेले, चन्नी आले, प्रदेशाध्यक्ष सिद्धू यांची नाराजी चालूच राहिली. २०२२ मध्ये पक्ष ७७ वरून १८ जागांवर आला. कर्नाटकात त्याच पक्षाने २०२३ मध्ये सिद्धरामय्या आणि शिवकुमार यांच्यातला मुख्यमंत्रिपदाचा प्रश्न निकालापर्यंत सोडवलाच नाही. दोघे प्रचारात उतरले, २२४ पैकी १३५ जागा आल्या, मग नाव ठरलं. म्हणजे काही वेळा भांडण सोडवण्यापेक्षा पुढे ढकलणं बरं, असं म्हणता येईल का?

जुनीवही

म्हणता येईल, पण पूर्ण वाक्य म्हणा. पुढे ढकललेलं भांडण परत येतं. कर्नाटकातला तो वादही नंतर अधूनमधून डोकं वर काढत राहिला. शिवाय दोन निकालांमागे इतरही कारणं होती, पंजाबात तर तिसरा पक्ष ९२ जागा घेऊन गेला. तरी तुमच्या निरीक्षणात तथ्य आहे. ‘निकालानंतर ठरेल’ हे दोघांनाही एकाच वेळी, एकाच शब्दांत सांगितलं तर चालतं. एकाला कानात वेगळं सांगितलं की संपलं.

अबोली

आणि ढकलायला काही नियम हवा. ऑस्ट्रेलियाच्या मजूर पक्षात रड आणि गिलार्ड यांच्यात २०१० ते २०१३ मध्ये नेतृत्वाची उलथापालथ झाली. मग २०१३ मध्ये त्यांनी नियमच केला की सत्तेत असताना पंतप्रधानाला आव्हान द्यायचं तर संसदीय पक्षातल्या ७५ टक्के सदस्यांच्या सह्या लागतील, विरोधात असताना ६० टक्के. त्या वर्षीची निवडणूक ते हरलेच, नियम निवडणुकीच्या तोंडावर आला होता. पण दर सहा महिन्यांनी होणारं बंड त्यामुळे थांबलं.

समाजवादी पक्षात २०१६ अखेर काका-पुतण्याचं बिनसलं तेव्हा असं काही नव्हतं. ते भांडण निवडणूक आयोगापर्यंत गेलं, सायकल कुणाची हे जानेवारी २०१७ च्या मध्यावर ठरलं आणि फेब्रुवारीत मतदान सुरू झालं. २२४ जागांवरून पक्ष ४७ वर आला. चिन्हाचा निकाल लागला म्हणून घराघरांतल्या कार्यकर्त्यांचा निकाल लागत नाही.

शोधयात्री

सगळ्यांचं पुन्हा पुन्हा वाचलं. सुरतेचं मैदान आणि उंबरठाताईंची ती दुपार मला एकाच जागी दिसायला लागलीत. दोन्हीकडे हरण्यापेक्षा हरवण्याची रीत जास्त लागली.

आता खरं सांगतो, धागा काढण्याचं एक कारण होतं. आमच्याकडे काही महिन्यांत निवडणूक आहे. मी स्वतः इच्छुक नाही, पण नाव ठरवणाऱ्या पाच जणांत या वेळी मी आहे. दोन दावेदार आहेत. एकाचं नाव बहुधा होईल. दुसरा तोच, ज्याची माणसं त्या दिवशी दुपारी टेबलावरून उठून गेली होती. बाकीच्या चौघांचं म्हणणं, आधी यादी लागू दे, मग मोठ्या नेत्याला आणून मेळावा घेऊ.

मी म्हटलं आहे की त्याच्याकडे मी आधी जातो. परवानगी मिळाली नाही, नकारही आलेला नाही.

उंबरठा

जा. एक विनंती, त्याला काही कबूल करू नका. जे तुमच्या हातात नाही ते तर मुळीच नको. आणि तो आरडाओरडा करेल तेव्हा पक्षाची बाजू मांडू नका, निदान पहिल्या दिवशी.

त्या पोरालाही भेटा, ज्याने ‘कुणी सांगितलंच नाही’ म्हटलं होतं.

शोधयात्री

तो आता तिशी ओलांडलेला आहे. त्याचा नंबर शोधून काढला, मघाशी बोललो. त्याला ती संध्याकाळ आठवत होती. म्हणाला, आठवण ठेवलीत तर. रविवारी सकाळी त्याच्याबरोबरच जातोय. यादी अजून लागलेली नाही.